पश्चिमेच्या भिंतीचे माग

कार्डावर ऐंशी रकाने होते. त्यांत एका विणकराचा एक दिवस बसवायचा, हे माझे पहिले स्वतंत्र काम. संख्याशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी सोलापूरच्या एका कापडगिरणीत लागले, तेव्हा गिरणीने तिसरी पाळी हळूहळू बंद करण्याचे ठरवले होते. विणकाम खात्यातून दर महिन्याला काही माणसे कमी व्हायची होती. कोणती, हे यापुढे जॉबर, म्हणजे मागांवर माणसे नेमणारा मुकादम, सांगणार नव्हता. संगणक सांगणार होता.

गिरणीत संगणक नव्हताच. आमच्याकडे कार्डांना छिद्रे पाडणारी दोन यंत्रे होती. छिद्रे पाडलेली कार्डे लाकडी पेटीतून पुण्याच्या संगणक केंद्रात जात आणि काही दिवसांनी रुंद कागदावर छापलेली यादी होऊन परत येत. सर्वांत वर उत्तम विणकर, तळाला निरुपयोगी.

मुलाखतीत मी व्यवस्थापकांना म्हटले होते, "संगणकाला नातेवाईक नसतात, सर." ते वाक्य त्यांना फार आवडले.  जॉबर आपलेच भाऊबंद भरतो, ही वरिष्ठांची जुनी तक्रार होती. यादीचा प्रयोग यशस्वी झाला तर स्वतंत्र विभाग निघणार होता आणि त्याची प्रमुख मी होणार होते. मला ते पद हवे होते, आणि हवे असण्याची लाज वाटत नव्हती.

कार्डावर मी बिल्ला क्रमांक, तारीख, पाळी, विणलेले कापड, माग बंद राहिल्याची मिनिटे आणि गैरहजेरी घेतली. मागाचा क्रमांक गाळला. एक विणकर चार माग सांभाळतो. प्रत्येक मागाची वेगळी नोंद म्हणजे एका माणसाला चार कार्डे. माग बरे-वाईट असतात हे मला ठाऊक होते. पण त्यांची वाटणी सगळ्यांत सारखीच होत असणार, असे मी गृहीत धरले. गृहीतक वहीत नीट लिहूनही ठेवले. तपासले मात्र नाही.

पहिली यादी शनिवारी आली. सोमवारी ती फाटकावरच्या फळ्यावर लागायची होती. बिल्ला क्रमांकांसमोरची नावे पडताळायला मी दुपारी खात्यात गेले. जेवणाची सुट्टी असल्यामुळे माग थांबले होते आणि माणसांचे बोलणे ऐकू येत होते. तळाचे नाव वाचताच जॉबर हसू लागला.

"बाई, कागुद उलटा धरलाय की तुमी!"

"उलटा नाही. हे नाव शेवटचेच आहे."

"आरं, हिकडं या लवकर! पुण्याच्या मिशिनीनं आपल्या वस्तादाला नापास केलंय!"

वस्ताद डब्यावरून उठला. शहराच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, पन्नाशीचा शांत माणूस. तोही हसला. "नवं काय त्यात? मी शाळेत बी नापासच हुतो."

सगळे खदखदले. मी हसले नाही, म्हणून जॉबरचे हसू ओसरले. त्याने मला पश्चिमेच्या भिंतीकडे नेले. तिथे चार जुने माग होते. खात्यात हवा ओलसर ठेवणारे पाण्याचे फवारे तिथवर पोचत नव्हते आणि दुपारनंतर भिंत तव्यासारखी तापायची. कोरड्या हवेत ताण्याचे उभे सूत क्षणाक्षणाला तुटायचे.

"हितं कच्चा गडी उभा केला तर तासाभरात रडंल. म्हून वाईट माग पक्क्या हाताला द्यायचा. माज्या आदीच्या जॉबरनं बी हेच केलं. खंडेनवमीला पयला नारळ ह्याच मागांवर फुटतो, आन् फोडायचा त्यो ह्येनंच."

म्हणजे ते माग मिळणे हा खात्यातला सर्वोच्च मान होता. कापड कमी, माग बंद राहण्याची मिनिटे भरमसाट, गैरहजेरी शून्य. माझ्या यादीने सर्वांत कुशल हात अचूक शोधला होता. फक्त त्याला भलत्या टोकाला ठेवले होते.

"बाई," जॉबर हळू आवाजात म्हणाला, "ही यादी खरंच लागणार हाय व्हय?"

"मी साहेबांशी बोलते," मी म्हटले आणि तशीच व्यवस्थापकांकडे गेले. मागाचा क्रमांक नोंदवून महिनाभर नव्याने माहिती घ्यावी लागेल, असे सांगितले. त्यांनी चष्मा काढला.

"चूक संगणकाची आहे की तुमची?"

उत्तर एका शब्दाचे होते. तो शब्द उच्चारला असता तर विभाग तिथेच संपला असता. मी म्हणाले, "माहिती अपुरी आहे, सर." त्या वाक्यात कोणीच माणूस नव्हता.

"अपुरी. पण यातला एखादा आकडा खोटा आहे?"

"नाही."

"मग लागू दे. आज थांबवली तर उद्या प्रत्येक जॉबर आपला माणूस घेऊन येईल. तुम्हीच म्हणाला होता ना, संगणकाला नातेवाईक नसतात."

सोमवारी यादी लागली. संध्याकाळी वस्ताद बिल्ला जमा करून माझ्या दाराशी आला. मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"बाई, मिशिनीला ते माग दाखिवले हुते का?"

"नाही."

"मग तिचा दोष न्हाय," तो म्हणाला आणि गेला.

पुढच्या महिन्यात त्या चार मागांवर दुसरा पक्का हात गेला. यादीत तो तळाला आला. त्यानंतर तिसरा. कार्डात मागाचा क्रमांक घालण्याची परवानगी मी दोनदा लेखी मागितली. उत्तर आले, आता नमुना बदलला तर पहिली यादी चुकली होती असे युनियन म्हणेल. युक्तिवादात मला खोट काढता येईना. संगणक आपला निर्णय दर महिन्याला स्वतःच खरा करून दाखवत होता: सर्वांत चांगले विणकर जात राहिले, खात्याचे कापड घटत राहिले आणि घटलेल्या कापडामुळे पुढची यादी अधिकच निकडीची ठरली. दरम्यान माझ्या नेमणुकीचे पत्र आले. ते मी स्वीकारले.

मग एका दुपारी जॉबर टोपी हातात घेऊन माझ्या नव्या खोलीत आला.

"बाई, त्या मागांवर कुणी उभं ऱ्हायला तयार न्हाय. तितं गेला त्यो गेला, समद्यांना कळलंय. कुणाला धाडू?"

"ते तुम्हीच ठरवत आलात ना?"

"व्हय. पर आदी मी मान देत हुतो. आता काय देतोय, तुमाला ठावं हाय. माज्या तोंडातनं ते नाव न्हाय यायचं. तुमी नंबर सांगा, मी उभा करतो."

मी नकार देऊ शकले असते. त्याऐवजी मी विचारले, "घरी हातमाग असलेला कोण आहे? पोरे हाताशी आलेला?"

तो एकेकाची माहिती सांगत गेला आणि नोकरी गेल्यावर ज्याचे घर चालणार नाही, अशा एकेकाला मी गाळत गेले. शेवटी एक बिल्ला उरला. मी तो आकडा उच्चारला. नीट ऐकू आले नाही असे दाखवून त्याने तो पुन्हा माझ्याकडून वदवून घेतला, टोपी घातली आणि खात्याकडे वळला.

पुण्याहून पुढची यादी यायला अजून पुरता महिना होता.