तळाचं पाणी मोजणारा

दोन हजार अठरा साल. मी एकाहत्तर वर्षांचा. गावच्या तलावाचं पाणी पाळीनं सोडायचं काम माझ्याकडं, माझ्या आधी आज्याकडं. शाळा मी दोन वर्षं पाहिली. तेवढी पुरली.

शेजारचा हा माणूस त्या साली नोकरी संपवून गावी आला. कोणी काही बोललं की अंगठा आणि बोट जवळ आणून मधली फट दाखवायचा. "पुढचं सोडा, भाऊ. खिंड पाहा." जहाजावर बसून समुद्राच्या तळाचं पाणी मोजायचा म्हणे. तुम्हीच सांगा, ज्या पाण्यानं धानाचं एक रोप ओलं होत नाही, ते मोजायला पगार! बरं, पोहताही येत नव्हतं. आमच्या तलावात कमरेच्या पुढं गेला नाही कधी.

एकदा त्यानं बायकोचा कपडे धुवायचा टब अंगणात मांडला. मधोमध विटांचा बांध, बांधात वरून एक फट. दोन्हीकडं साधं पाणी. मग एका बाजूला तळाशी नीळ घातलेलं थंड मिठाचं पाणी हळूच सोडलं. निळं पाणी तळाला साचलं, फटीपर्यंत चढलं आणि पलीकडं खाली घसरलं.

"समुद्राखाली असंच आहे, भाऊ. थंड, जड पाणी डोंगरामागं साचते. किती पुढं जाईल ते खिंडीचा उंबरा ठरवते. पलीकडं कितीही खोल असो."

"मिठाचं पाणी जड असते, हे लोणचं घालणाऱ्या बाईलेही मालूम आहे गा. त्यासाठी जहाज कायले लागते?"

सगळे हसले. तोही हसला. त्याला राग यायचा नाही, हा आणखी एक दोष.

त्या साली पाऊस लवकर गेला. तलाव उतरत उतरत, पाणी पाटात सोडायच्या मोरीच्या तोंडाशी आज्यानं बसवलेल्या दगडापर्यंत आला. दगडावरून बोटभर धार. माझी धानाची बांधी सगळ्यांत शेवटची, तिथं थेंब पोहोचेना. मी माणसं जमवून तीन दिवस पाट खोल केला. हा तलावाच्या काठी पाळीवर बसलेला.

"भाऊ, पाट काऊन खोदून राहिले? तो दगड हातभर खाली घ्या."

"तो माझ्या आज्यानं बसवला. तुह्या समुद्रात तुहा आजा होता का?"

पाट कमरेएवढा झाला. धार बोटभरच.

त्याच आठवड्यात त्याच्या छातीत दुखू लागलं. मुलगा नागपूरला न्यायला आला. गोंदियाहून नागपूरची गाडी धरायला ऑटो दारात. शेजारधर्म म्हणून मी उभा. वाटलं, आता तरी स्वतःच्या दुखण्याचं बोलेल.

"भाऊ, तुमचं धान पोटरीत आहे. पाण्याबिना तीन-चार दिवस निघतील. जास्त नाही."

स्वतःचा श्वास पुरेना, आणि दुसऱ्याच्या बांधीचे दिवस मोजून राहिला! इतकं शिकून माणूस इतका अडाणी राहतो. नागपूरहून तो परत आला नाही.

ऑटो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सब्बल घेऊन एकटाच मोरीवर गेलो. दगड उचकटला, खाली हातभर खोदलं, पुन्हा बसवला. धार मांडीएवढी झाली. लोक धावत आले, विचारू लागले. मी सांगितलं, दगड माझ्या आज्याचा आहे, कधी हलवायचा ते मला कळते.