शिक्षणात खंड पडल्याचे कारण

कितीतरी गुन्ह्यांचे क्रमांक मी विसरलो. पण कागदांची पिशवी छातीशी घट्ट धरून माझ्यासमोर बसलेली ती बाई मात्र विसरता येत नाही.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. तहसील कार्यालयाकडून लेखी तक्रार आली. कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांना जोडलेले उत्पन्नाचे अकरा दाखले बनावट निघाले होते. बारकोड तपासला की भलत्याच माणसाचे नाव येत होते. अकराही अर्ज बायकांचे, तिशी-चाळिशीतल्या, संसारातून वेळ काढून पुन्हा कॉलेजात नाव घातलेल्या. गुन्हा दाखल करून मी यादीतल्या पहिल्या नावाला फोन लावला. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, म्हणून पत्ता विचारला. पलीकडून घाबरा आवाज आला, "घरी नका येऊ, साहेब. मीच येते ठाण्यात."

तासाभरात ती एसटीने आली. वय छत्तीस. दहावी होताच लग्न झालेले. गेल्याच वर्षी बाहेरून बारावी दिली होती आणि आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. महिला शिपायाला शेजारी बसवून मी विचारले, "दाखला कुणी काढून दिला?"

ती गप्प. दोनदा-तीनदा विचारले, तरी गप्प. पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मध्येच तिनेच विचारले, "फॉर्म दुरुस्त करायची तारीख शुक्रवारपर्यंतच हाय. तवर व्हईल का?"

तो दिवस मंगळवार होता. ही बाई सामील आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. दम भरायचा म्हणून म्हणालो, "नवऱ्याला बोलावू का?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "त्यांना न्हाई माहीत. मी शिवणक्लासला जायलेय, असंच वाटतंय त्यांना."

मी तिच्या अर्जाचे कागद चाळू लागलो. मोठ्या वयात शिकायला येणाऱ्याला मधली वर्षे का गेली, याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. तिच्या प्रतिज्ञापत्रात लिहिले होते, 'दिर्घ आजारपणामूळे शिक्षणात खंड पडला.'

"काय आजार होता तुम्हाला?"

ती गोंधळली. "मला? मी कवाच आजारी नव्हते, साहेब. माझं लग्न झालं होतं."

"मग खाली सही तुमचीच ना?"

"कोऱ्या कागदावर केली होती."

मी उरलेली दहा प्रतिज्ञापत्रे काढली. दहाही जणी आजारी. वाक्य तेच, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. कागद तिच्यासमोर मांडले, तेव्हा कुठे ती बोलली. बसस्थानकासमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एक जण होता. दाखला चुकीचा म्हणून कॉलेजातून परत आल्यावर ती त्याच्याकडे गेली, तर त्याने बजावले होते, "माझं नाव घेतलं तर तुझ्या घरी जाऊन सगळं सांगीन."

दुसऱ्या दिवशी महिला शिपायाला साध्या साडीत त्याच्याकडे पाठवले. मला शिकायचे आहे, दाखला हवा आहे, एवढेच तिने सांगायचे होते. त्याने ना उत्पन्न विचारले, ना गाव. पहिला प्रश्न केला, "घरी माहीत हाय का?"

ती "नाही" म्हणाली आणि त्याने काम लगेच हातात घेतले. तिने खूण करताच आम्ही दोन पंचांसह आत गेलो. खणात तहसीलचा बनावट शिक्का सापडला. पंचनामा करून त्याला ठाण्यात आणले.

आधी त्याने कानांवर हात ठेवले. "बायाच कागद घेऊन येत्यात, साहेब. मी नुसता भरून देतो."

"मग घरी माहीत आहे का, हे कशाला विचारतोस?"

फरशीकडे बघतच तो म्हणाला, "ज्या लपून येत्यात, त्या भांडायला परत येत न्हाईत."

आदल्या दिवशी याच भीतीवर मीही बोट ठेवले होते.

गुरुवारी त्या बाईला पुन्हा ठाण्यात बोलावून मी स्पष्ट सांगितले, की जबाब दिला तर कोर्टाचे समन्स घरी येणार. जबाब देणाऱ्यांना नवा दाखला त्याच दिवशी द्यायला तहसीलदार तयार होते. ती पिशवी उचलून निघून गेली. आता ही परत येत नाही, असे मला वाटले.

शुक्रवारी सकाळी ती आली, ती नवऱ्याला घेऊन. तो येलदरी धरणातली मासळी बाजारात नेणारा टेम्पोचालक. रागाने चेहरा ताठ झाला होता.

"हिच्यावर केस हाय का?"

"नाही. त्या साक्षीदार आहेत."

"मंग जबाब लवकर घ्या. तहसीलचं काम व्हायचंय अजून, अन् तारीख आजचीच हाय." मग बायकोकडे न बघताच म्हणाला, "मला सांगायला काय झालतं?"

ती हळूच म्हणाली, "तुमी न्हाई म्हणला असता तर?"

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

संध्याकाळी मुदत संपता संपता तिचा फॉर्म गेला. पुढे शिष्यवृत्तीही मंजूर झाली.

चौकशीत गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असे मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. ते खरेच आहे. पण तो गुन्हाच लपवत असतो असे नाही, हे कळायला मला निवृत्ती जवळ यावी लागली. अकरांपैकी चौघींनीच जबाब दिला. उरलेल्या सात जणींनी फोनवर सांगितले, की आम्ही अर्जच मागे घेतो, पण घरी येऊ नका. आम्ही गेलो नाही. त्या पुढे शिकल्या की नाही, मला माहीत नाही.