सोडलेलं दूध

बाबा गेले त्याला आता काही महिने झाले. भेटायला येणारे थांबले आहेत, घर शांत आहे. त्यांची आठवण काढायला बसलो की शेत किंवा दुखणं आठवत नाही, एक उन्हाळा आठवतो. आम्ही दोघं समुद्रकाठी गेलो होतो तो.

आई त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेली होती. तिच्या अस्थी घेऊन आम्ही गोदावरीवर गेलो. अशा वेळी पाण्यात उभं राहून आवडीची एक वस्तू जन्मभरासाठी सोडायची, अशी आमच्याकडे रीत आहे. बहुतेक लोक ती वस्तू सांभाळून निवडतात. माझ्या एका काकांनी अंजीर सोडलं होतं. आमच्या तिवशाच्या बाजारात अंजीर कधी येत नसे. बाबांनी मात्र दूध सोडलं, आणि त्याबरोबर दही, ताक, लोणी, तूप सगळं. दावणीला दुभती गाय असलेला शेतकरी माणूस. मांसमच्छी तर गळ्यात माळ असल्यामुळे घरात कधीच नव्हती.

जेवणातून दूध गेलं तशी त्यांची जेवणावरची इच्छाही गेली. उन्हाळा लागेपर्यंत सदरा अंगावर लोंबू लागला. अमरावतीच्या डॉक्टरांनी हवापालट सुचवला. मी तेव्हा अकोल्याच्या शाळेत मास्तर होतो. माझ्याबरोबरचे एक मास्तर कोकणातले, त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीकडे, ताईंकडे, जायचा आग्रह केला. अकोल्याहून रेल्वेने मुंबई, तिथून आगबोट, आणि शेवटी पडावाच्या होडीतून त्या लहानशा बंदरावर उतरलो. बाबांना त्या हवेत भूक लागावी, एवढंच मला हवं होतं.

बंदरावर जिकडेतिकडे मासळी वाळत होती. बाबांनी उपरणं नाकाला लावलं ते घरी पोहोचेपर्यंत काढलं नाही. ताईंचं घर शाकाहारी होतं, म्हणून मी निश्चिंत झालो. पहिल्याच जेवणात त्यांनी भातावर तूप वाढायला हात पुढे केला आणि बाबांनी आडवा हात धरला. शेवटी ताक आलं, तेही नको म्हणाले. ताईंना ते पथ्य वाटलं. मी कारण सांगणार तोच बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. नंतर पडवीत ते म्हणाले, "तिले काहून सांगतं? सोडलं ते सोडलं. सांगत फिरलं का मंग तो मोठेपणा झाला."

तूप-ताक दुसऱ्या दिवसापासून बंद झालं, पण पानात पांढरं दिसू लागलं. आमटीचा रस पांढुरका. वाटीत एक गुलाबी, दुधाळ पेय. सणासारखा बेत म्हणून एकदा शेवया केल्या, त्याही पांढऱ्याशुभ्र गोड रसात बुडालेल्या. बाबा एकेक वाटी हळूच बाजूला सारत आणि मिठाशी भात खात. मी तो रस चाखला होता. खोबऱ्याचा वास येई, पण तिथे खोबरं कशात नसे? दुधातही घालत असतील, असं मी धरून चाललो. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना नारळ म्हणजे देवापुढे फोडायची वस्तू. त्याचा तुकडा प्रसादाला, आणि वाळलेलं खोबरं मसाल्याला. त्याला पिळून काही निघतं हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

ताई बाबांना काका म्हणत. त्यांना वाटे, काकांना तिखट सोसत नाही. म्हणून त्या रस आणखी दाट करत, आणि बाबा पाट आणखी मागे घेत. एका संध्याकाळी समुद्रावरून परत येताना ते वाटेतल्या दगडावर बसले आणि बराच वेळ उठेचनात. ज्यासाठी आणलं तेच होत नव्हतं. पुढच्या आगबोटीने परत जायचं मी ठरवलं आणि सकाळी ताईंना तसं सांगितलं.

त्या भाजी चिरत होत्या. विळी आडवी करून म्हणाल्या, "जा हो, अडवत नाही. पण माझ्या हातचं काकांच्या घशाखाली का उतरत नाही, तेवढं सांगून जा. भावाला मी काय तोंड दाखवू?"

मग मला राहवलं नाही. आई, गोदावरी, सोडलेलं दूध, सगळं सांगितलं. ताई हसतील असं वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. उठून पडवीत गेल्या आणि बाबांना म्हणाल्या, "काका, जरा मागच्या दारी चला. काम आहे."

मागच्या पडवीत त्यांनी बाबांना पाटावर बसवलं. त्यांच्यासमोर नारळ फोडला, खोवला, पाट्यावर वाटला. मग तो वाटलेला खोबऱ्याचा चव धुवट फडक्यात घेऊन पिळला. खालच्या वाटीत पांढरी धार लागली. बाबा पुढे वाकून पाहत राहिले.

"यात गाईचं काईच नाही?"

"गाय आहेच कुठे आमच्याकडे? ते तूप-ताक शेजारचं. इतके दिवस राहिलात, गोठा दिसला का तुम्हाला?"

"तेच म्हनो मी," बाबा म्हणाले. "गोठा नाही, शेन नाही, अन् ही बाई रोज एवढं दूध आनून राहिली कुठून."

आता मात्र ताई मनापासून हसल्या. त्यांनी त्या रसात आमसुलाचं पाणी आणि मीठ घालून वाटी पुढे केली. बाबांनी एक घोट घेतला आणि ते थांबले. वाटी हातातच राहिली. आता हेही सोडतील, अशी मला भीती वाटली. दूध नाही हे त्यांना पटलं होतं. पण ते चवीला चांगलं होतं, आणि चांगलं लागणारंच तर त्यांनी सोडलं होतं.

"तुह्या मायनं हे कधी चाखलं नाही," ते मला म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी तिचा विषय पहिल्यांदा काढला होता.

ताईंनी विचारलं, "काकूंना काय आवडायचं?"

"तिचं काय इचारतं बाई. तिले स्वतःचं आवडनं ठाऊकच नोयतं." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "माह्यं आवडनं ठाऊक होतं. दुधावरची साय रोज माह्यासाठी लपवून ठेवे. पोरं इचारत, साय कुठं गेली? तं सांगे, मांजरानं खाल्ली."

आम्ही भावंडांनी त्या मांजराला कितीदा दगड मारले होते. मी तसं म्हणालो तेव्हा बाबा हसले, आणि हसतानाच त्यांचे डोळे भरून आले. डोळे पुसून त्यांनी वाटी रिकामी केली व पुढे धरली. ताईंनी ती पुन्हा भरली.

आम्ही सुटी संपेपर्यंत राहिलो. फणसाची भाजी, काजूची उसळ, नारळाच्या रसातल्या शेवया असं सगळं बाबा जेवले, आणि जेवता जेवता आईबद्दल बोलत राहिले. तिचं लग्नातलं रुसणं, तिची सासूशी भांडणं, मला माहीत नसलेलं कितीतरी. मी नुसता ऐकत बसे. पुढे घरी परतल्यावरही ते बोलणं थांबलं नाही.

बाबांनी दूध शेवटपर्यंत घेतलं नाही. पण आज माझ्याजवळ जी आई आहे ती बरीचशी त्या मागच्या पडवीत मिळालेली आहे, आणि ताईंचे उपकार मला रोज आठवतात.