किटलीतून आलेलं गोरं

माझ्या रुखवतात आईने स्टीलची तीन लिटरची दुधाची किटली ठेवली होती. घट्ट झाकणाची, बाजूला माझं नाव कोरलेली. लग्नाला पुरते दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा त्या किटलीतून एक प्राणी माझ्या स्वयंपाकघरात आला. त्यानंतर मी त्या किटलीत दुधाचा थेंबही घातला नाही.

ही नव्वदनंतरची गोष्ट. मी इंदापूरची, बारावी सायन्स झालेली. नवरा भवानीनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायचा, आणि आम्ही वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. सासूबाई कोऱ्हाळ्याच्या घरून आमच्याकडे आल्या होत्या. नवी सून एकटी पडू नये म्हणून हंगामभर राहणार, असं ठरलं होतं. मला मात्र त्या पहाऱ्यावर आल्यात असंच वाटायचं. सासरच्यांची पूर्वी मेंढरं होती. ती विकून बागायत केलेली, पण सासूबाईंची नजर अजून कळपावरचीच होती. घरात कोण काय खातं, किती खातं, कोण कुठल्या कुशीवर झोपतं, सगळं त्यांना बसल्या जागेवरून दिसायचं.

नवऱ्याचे बारामतीच्या कॉलेजातले एक सर निवृत्त होऊन मुलाकडे निघाले होते. त्यांनी मुंबईच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून आणून पाळलेला हा प्राणी, ॲक्सोलॉटल, बेडकाच्या जातकुळीतला पण जन्मभर पाण्यातच राहणारा. नवऱ्याला कॉलेजात असल्यापासून त्याचं वेड होतं. सर देतो म्हणाले, आणि हा मला काही न विचारता फळीवरची माझी किटली घेऊन एसटीने बारामतीला गेला. संध्याकाळी परत आला तो किटली छातीशी धरून.

काचेची पेटी आधीच आणून ठेवली होती. कुठे? तर माझ्या ओट्याशेजारी, माठाच्या बाजूला, कारण घरातली सगळ्यात गार जागा ती. झाकण उघडून त्याने किटली हळूच पेटीत कलंडवली आणि ते बाहेर आलं. वीतभर लांब. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं अंग, आतून थोडं गुलाबी. पातळ कातड्याखाली पोटातलं काळपट काहीतरी दिसत होतं. मानेच्या दोन्ही बाजूंना लाल झुपके, तेच त्याचे कल्ले, आणि ते हलत होते. चार लिबलिबीत पाय, पायांना बोटं. डोळ्यांना पापण्याच नाहीत. आणि तोंड असं फाकलेलं, की ते आपल्याकडे बघून हसतंय असं वाटावं. मी पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेले.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "याचं नाव काय म्हनला?"

नवऱ्याने सांगितलं.

"आसं कुटं नाव आस्तंय व्हय? गोरं हाय, गोरं म्हनायचं."

सरांनी एक कागद लिहून दिला होता. नवऱ्याने तो जेवताना मोठ्याने वाचला. नव्या जागेत आल्यावर दोन दिवस काहीही खायला देऊ नये. गोंगाट करू नये. बिचकलेलं असतं, त्याला एकटं राहू द्यावं. पाणी दोन दिवस बादलीत भरून ठेवून मगच घालावं. हात लावू नये, त्याची कातडी पाण्यातलं सगळं ओढून घेते. मी भाकरी चावत ऐकत होते. मी या घरात आले तेव्हा माप ओलांडल्यावर तासाभरात मला चाळीस माणसांच्या चहाचं पातेलं दाखवलं होतं. मला कुणी एकटं राहू दिलं नव्हतं. असा कागद माझ्या आईनेही लिहून द्यायला हवा होता, हे मनात आलं आणि मला त्या प्राण्याचा रागच आला. किळस होतीच, आता वर राग.

दुसऱ्या दिवशी नवरा कालव्याच्या कडेची ओली माती उकरून गांडुळं घेऊन आला. डालड्याच्या रिकाम्या डब्यात मातीसकट. तो डबा त्याने ओट्याखाली ठेवला, कांद्याबटाट्याच्या टोपलीला लागून. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली होती. मी भाजी चिरत होते आणि एका भोकातून एक गांडूळ बोटभर बाहेर येऊन हवेत काहीतरी शोधत होतं. मी सासूबाईंना ओरडून बोलावलं. त्या आल्या, दोन बोटांनी ते धरून आत ढकललं आणि तेच हात लुगड्याला पुसून कणकेला लावले. त्या दिवशी मी चपाती खाल्ली नाही. पोट दुखतंय म्हणाले.

नवरा पाळीला गेल्यावर दुपारी सासूबाई पेटीसमोर पाटावर बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नवं जनावर घरात आलं, आन् आपून कुकूसुदिक लावलं न्हाय."

त्यांच्याकडे ती रीतच. नवी शेळी आणा, गाय आणा, कळपात नवा मेंढा घ्या, दारात त्याला हळदकुंकू लावायचं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा. शेजारच्या क्वार्टरमध्ये नवी मोपेड आली तेव्हा तिलाही लावलं होतं. विधवा असल्याने सासूबाई स्वतः कुंकवाला हात लावत नसत. तेव्हा ते काम माझं.

"नुसतं बोट टेकीव," त्या म्हणाल्या. "तू सवाशीण हाईस. मी तुकडा आनते."

मला माहीत होतं. कागद मी ऐकला होता. बारावीला बेडूक कापला होता, अशा प्राण्यांची कातडी काय करते हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. सासूबाईंना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी त्यांना सांगू शकत होते, "आत्याबाई, याला नाही चालत." एवढं एक वाक्य. मी ते बोलले नाही. मी देव्हाऱ्यातला करंडा घेतला, चांगली चिमूटभर हळद आणि तेवढंच कुंकू बोटांत धरलं, बाही वर केली आणि हात पाण्यात घातला.

त्याचं डोकं मऊ होतं, बुळबुळीत, थंड. नाक शिंकरल्यावर बोटाला लागतं तसं काहीतरी माझ्या बोटांना लागलं. मी डोळे मिटून ते सगळं त्याच्या डोक्यावर आणि झुपक्यांवर चोळलं. ते जोरात फडफडलं, काचेवर आपटलं. पाणी पिवळं झालं, मग त्यात लाल रेघा सुटल्या. सासूबाई हातात भाकरीचा तुकडा घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तो पेटीवरून तीनदा ओवाळला आणि मागच्या दारी टाकून आल्या. मी साबणाने हात घासत बसले. मला वाईट वाटलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. मरेल, किटली घासून परत फळीवर ठेवता येईल, एवढंच मनात होतं.

पाळी संपवून नवरा आला आणि पेटीपाशी जाऊन थबकला. ते कोपऱ्यात डोकं खुपसून बसलं होतं. झुपके पुढे वळलेले, टाळूवर लाल डाग.

"हे कुणी केलं?"

मी आमटी ढवळत होते. सासूबाई म्हणाल्या, "म्याच लावाय सांगितलं. नवं जनावर हाय."

"आई, अडाणीपणाला काय हद्द हाय का न्हाय? कागद वाचून दाखवला व्हता न्हवं? तुला कळत न्हाय तर गप बसावं की." आणखीही बोलला. आपल्या आईशी इतकं तोडून बोललेला मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होते.

"चुकलं बाबा माजं," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

माझी पळी आमटीत फिरत होती. मी ढवळतच राहिले.

पुढचे दिवस घाणीचे होते. पाणी बदललं तरी त्याच्या अंगावरून पांढरा पापुद्रा सुटायला लागला. दुधावरच्या सायीसारखे तुकडे पाण्यात तरंगायचे. ते नवरा माझ्या कानात औषध घालायच्या ड्रॉपरने ओढून काढायचा आणि मोरीत सोडायचा. भांडी घासताना मला मोरीच्या कडेला एखादा तुकडा चिकटलेला दिसायचा. नवऱ्याने ब्लेडने गांडूळ तोडून आत टाकलं. ते दोन तुकडे वेगवेगळे वळवळत तळाला गेले आणि त्या प्राण्याने तोंडसुद्धा वळवलं नाही. तासाभराने ते फुगलेले, पांढरे पडलेले तुकडे परत काढायचे. त्याच आठवड्यात शेजारणीने शेवयांची खीर पाठवली. मी झाकण उघडलं आणि वाटी तशीच झाकून ठेवली. शेवया मला आजही खाता येत नाहीत.

नवरा आईशी कामापुरतंच बोलत होता. सासूबाई दुपारी पेटीसमोरचा पाट सोडून मागच्या दारी बसायला लागल्या. जेवायच्या, पण अर्ध्या भाकरीवर उठायच्या. आठवा दिवस उजाडला तरी त्या प्राण्याच्या पोटात काही गेलं नव्हतं. कामाला जाताना नवरा म्हणाला, "आज खाल्लं न्हाय तर सरांना कळवतो. मेलं की बरणीत घालून कॉलेजला ठेवायचं, आसं म्हणाले होते ते." आणि जाता जाता आईकडे बघितलं. त्या बघण्याची मला लाज वाटली. खरं तर ते माझ्याकडे बघायला हवं होतं.

तो गेल्यावर सासूबाई उठल्या. डालड्याचा डबा ओट्याखालून ओढला, मातीत हात घालून चाचपून एक बारीक, लालसर गांडूळ काढलं.

"कोकरू आईला लागत न्हाय तवा भांड्यात दूध ठिवून भागत न्हाय," त्या म्हणाल्या. "बोट द्यावं लागतंय तोंडात. माजं हात कापत्यात, त्येला वाटंल कोन मारतंय. तू दे."

"चमच्याने देते," मी म्हणाले.

पोह्याच्या चमच्याने दिलं. गांडूळ चमच्यावरून घसरून तळाला गेलं, गोरं हललं नाही. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. सासूबाईंनी तिसरं गांडूळ माझ्यापुढे धरलं. मी ते हातात घेतलं. ते माझ्या दोन बोटांत आखडलं, सैल झालं, नखाखाली शिरू पाहायला लागलं. मातीचा आणि आणखी कशाचा तरी कुजका वास येत होता. हात पाण्यात घातला आणि त्या हसऱ्या तोंडासमोर धरला. किती वेळ, कोण जाणे. बोटं बधिर झाली. झुपका एकदा हलला. मग गप्पकन पाणी ओढल्यासारखं झालं आणि गांडुळासकट माझ्या बोटांची टोकं त्याच्या तोंडात गेली. आतून खरखरीत, झिजलेल्या काथ्यासारखं. मी किंचाळले नाही, एवढंच. त्याने बोटं सोडली. अर्धं गांडूळ तोंडातून बाहेर लोंबत होतं आणि वळवळत होतं. आणखी दोन झटके, आणि ते सगळं आत गेलं. पातळ कातड्यातून ते पोटात उतरताना मला दिसलं.

मला ओकारी आली. मी मोरीपाशी जाऊन वाकले. सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला. तो कापत होता, हे खरंच होतं. वाकलेलीच मी म्हणाले, "आत्याबाई, मी मुद्दाम लावलं होतं. मला माहीत होतं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

मी मान वर केली.

"बोट टेकीव म्हनलं व्हतं. तू चिमूटभर घेतलीस. मी तितंच हुबी व्हते न्हवं?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत? त्यांनी तुम्हाला एवढं…"

त्यांनी तांब्या पुढे केला. "तोंड धू." मी धुतलं. "तुला हितं यिऊन दोन म्हैनं न्हाय झालं. नवं जनावर बिचकल्यालं आस्तंय. लाथ मारतंय, चावतंय. म्हनून कुनी मालकाच्या हातात काठी दिऊन त्येला म्होरं हुबं करतंय व्हय?"

त्या पुन्हा डब्याकडे वळल्या आणि मातीत चाचपू लागल्या. मी तिथेच मोरीच्या कडेला बसले. आठ दिवस मी त्या प्राण्याची किळस करत होते, तेवढ्या दिवसांत स्वतःची एकदाही केली नव्हती. आता ती आली, आणि ती चूळ भरून जाण्यातली नव्हती.

रात्रीच्या जेवणाला आम्ही तिघं बसलो. गोरं खालच्या वाळूवर निवांत पडलं होतं, पोट फुगलेलं. आईच्या युक्तीने ते जेवलं, हे ऐकून नवरा खुशीत होता. "आई, आज तुझ्यामुळं वाचलं बघ," म्हणाला, जणू तेवढ्याने मागचं सगळं फिटलं.

मी हातातली पळी खाली ठेवली. "ते कुंकू मी जाणूनबुजून जास्त लावलं होतं," मी म्हणाले. "आत्याबाईंनी नुसतं बोट टेकवायला सांगितलं होतं. ते मरावं म्हणून लावलं मी."

त्याचा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आईला काय काय बोललो ते त्याला आठवत असावं, कारण त्याचे कान लाल झाले. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं.

सासूबाईंनी त्याच्या ताटात आमटी वाढली. मग माझ्या ताटात. मग स्वतःच्या ताटात दुसरी भाकरी घेतली, पूर्ण.

"जेव आता," त्या म्हणाल्या. "सकाळच्याला गांडुळं आनायची हायती. डबा रिता झालाय."