पुढच्या ट्रकची अक्षरं

मंडळी, आज भाचीच्या साखरपुड्याला शिरढोणला निघालो आणि पळस्पे फाट्याला कंटेनरच्या मागे अडकलो. गाडीत सगळ्यांची तोंडं फुगलेली.

शेवटी लेकीने खेळ काढला. पुढच्या ट्रकच्या नंबरप्लेटवरची अक्षरं असलेला इंग्रजी शब्द सांगायचा. समोर बी आणि झेड.

सासूबाई पटकन म्हणाल्या, “बझार. दुकानाच्या पाटीवर रोज वाचते मी.”

मग नवराही असा गुंगला की पुढची रांग सरकलेली त्याला दिसलीच नाही. मागून हॉर्नचा नुसता कल्ला.

रस्ता मोकळा झाला, तर सासूबाईच ओरडल्या, “हळू घे रे, त्या टेम्पोची अक्षरं वाचू दे.”

जे आणि एक्स होती. कुणाला शब्द सुचतोय का? सासूबाई पंगतीत बसल्यात, पण घास अजून हातातच आहे.