ओवीची टाळू लवकर भरली

मैत्रिणींनो, दोन महिन्यांपूर्वी याच ग्रुपवर मी कौतुकानं लिहिलं होतं, की आमच्या ओवीची टाळू तिसऱ्याच महिन्यात भरली. तुम्ही लाल बदामांचा पाऊस पाडला होता.

आज सर्दीसाठी तिला तिवस्याहून अमरावतीला नेलं. डॉक्टरांचं बोट तिच्या डोक्यावरून फिरता फिरता मध्येच थांबलं. त्यांनी टेपनं डोकं मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"डोकं असं लांबट कधीपासून आहे?"

"जन्मापासूनच. गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतो."

"उशीनं होणार नाही. कवटीच्या हाडांमधली शिवण वेळेआधीच बंद झालेली दिसते. मेंदू वाढतोय, त्याला जागा हवी."

परवा सीटी स्कॅन आहे. नंतर बहुतेक ऑपरेशन. पाच महिन्यांच्या पोरीचं!

घरी आलो तर मालिश करणाऱ्या गंगूमावशी तेलाची वाटी घेऊन वाट पाहत होत्या. सगळं ऐकून त्यांनी हात पदराला पुसले.

"माह्या हातानं झालं का वं बाई?"

"नाही मावशी. डॉक्टर म्हणाले, हे कोणाच्याच हातानं होत नाही."

खरं तर तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "एवढ्या लवकर भरत नाई वं, दवाखान्यात दाखवून ये." मी हसले होते. आणि इथे पोस्ट टाकली होती.

आज बदाम नकोत. कोणाच्या बाळाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर मला खरंखरं सांगाल?