शेकायची राहिलेली सुरी

जऊळक्याच्या स्टेशनासमोर मी पत्रकं वाटत होते तेव्हा फोन वाजला. संगीताकाकूंचा. त्या स्वतःहून कधी फोन करत नाहीत. करायचे ते मिलिंदकाका. “तुहे काका गेले व...” एवढंच त्या बोलल्या, आणि मागे कुणीतरी मोठ्यानं रडलं. अनसिंगहून वाशीमला कामावर जाताना बसमध्येच त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं. दवाखान्यापर्यंत ते पोचलेच नाहीत. मी फोन ठेवला आणि समोरच्या माणसाच्या हातात पत्रक दिलं. त्याच्या मागच्यालाही दिलं. गठ्ठा संपेपर्यंत मी वाटत राहिले, कारण थांबले असते तर काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. काही आठवडे झाले त्याला. हात अजून तसेच चालू आहेत... स्वस्थ बसवत नाही.

मिलिंदकाका माझ्या वडिलांचे मित्र, वाशीमच्या एका लेथच्या दुकानात फिटर. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त होती. जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली, आणि मोठी झाल्यावर नवी पत्रकं लिहू लागले. माझं प्रत्येक पत्रक काका उभ्यानं वाचायचे आणि मजकुराआधी कागदाला नावं ठेवायचे. एका पानावर दोन पत्रकं छापून मी ती पट्टी लावून फाडायची. “जग सरळ कराले निघाली अन् कागदाची कड पाह्य, बैलाच्या मुतावानी वाकडी!” असं म्हणून ते हसायचे. मी चिडायची. मग भांडण सुरू. आमच्या मैत्रीचं दुसरं नावच भांडण होतं.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात सुऱ्या शिरल्या. दुकानात लोखंड घासून झिजलेल्या कानशी भंगारात जायच्या आणि त्यांचा जीव तुटायचा. “एवढं चांगलं पोलाद... फेकून देऊन राह्यले येडे.” त्यांनी अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये गॅसची भट्टी बांधायला घेतली. बोअरच्या केसिंग पाइपाचा हातभर तुकडा, आत उष्णता धरणारी पांढरी लोकर, तिच्यावर भट्टीच्या मातीचा लेप, आणि नळाच्या जोडांपासून बनवलेला बर्नर. सिलिंडर एका बंद पडलेल्या नाश्त्याच्या गाडीवरचं. पहिल्यांदा ती पेटली तेव्हा असा काही आवाज झाला की शेजारची म्हैस खुंटा उपटून पळाली. पोलाद पुरेसं तापलं की त्याला चुंबक धरत नाही. ते तपासायला ठेवलेलं चुंबक आमच्या मोर्च्यात जळालेल्या भोंग्यातलं होतं. “तुह्या भोंग्याचा पह्यल्यांदा काही उपेग झाला,” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

गावाला त्या भट्टीचं काय वाटत होतं ते मी पाहत होते. एकदा एक म्हातारे गृहस्थ कुंपणाशी थांबून म्हणाले, “काहून रे मिलिंद, तुमच्यात लोहारकी कधीपासून?” काकांनी चिमट्यातली लाल कानस फिरवत उत्तर दिलं, “गेल्या रविवारपासून.” माझ्या अंगात वीजच शिरली. धंदा जन्माला बांधून ठेवणाऱ्या गावात एक बौद्ध माणूस स्वतःच्या मर्जीनं हातोडा उचलतो! मी म्हटलं, यावर पत्रक काढते. काका भडकले. “याद राख. मले हौस आहे म्हणून करून राह्यलो. आमाले हौस असू नये का?” मी म्हटलं, हौस हासुद्धा हक्क आहे, तेच लिहिते. “मंग तर बिलकुल नको लिहू. हौसेचा मोर्चा करून टाकशीन तू.” आठवडाभर आम्ही बोललो नाही. माझं मत आजही बदललेलं नाही. त्या उत्तरात एका पत्रकाहून जास्त दम होता, आणि ते लोकांपर्यंत जायला हवं होतं.

पहिली सुरी काकूंना मिळाली. कानस तापवून राखेत हळूहळू निववायची, मऊ झाली की घासून आकार द्यायचा, पुन्हा लाल करून सोयाबीनच्या कोमट तेलात बुडवायची. इतकं काकांनी केलं होतं. काकूंनी त्या सुरीनं भोपळा कापायला घेतला, जरा पीळ दिला, आणि पातं मधोमध कडकन मोडलं. “सुरी होती का काचेची बांगडी?” काकू ओरडल्या. तेव्हा कळलं की तेलातून काढलेलं पोलाद नुसतं कडक असतं, त्याला पुन्हा मंद आचेवर शेकावं लागतं. त्यासाठी काकांनी काकूंची शेंगदाणे भाजायची कढई पळवली. तिच्यात रेती तापवायची, घासून चकचकीत केलेलं पातं त्यात ठेवायचं, आणि त्यावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढला की लगेच उचलायचं. त्यानंतर माझ्या पत्रकांवरचा शेरा ठरून गेला, “कडक आहे, पण शेकलं नाही.” मला तो उपदेश आवडत नव्हता. आजही आवडत नाही.

कढईवरून त्या घरात रोज कुरबुर. दुसरी कुरबुर सुरी देण्याघेण्याची. सुरी हातातून हातात देऊ नये, भांडण होतं, ही त्यांच्या आईची शिकवण काकू कधी मोडत नसत. सुरी खाली ठेवायच्या, मगच दुसऱ्यानं उचलायची. बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरात हे काय, म्हणून काका मुद्दाम मूठ त्यांच्यापुढं धरून उभे राहायचे. “घे ना. आपलं असंही भांडणच होते.” काकू जमिनीकडं बोट दाखवायच्या. शेवटी वाकायचे ते काकाच.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पाहुण्यांची कुजबुज चालली होती. “त्या गॅसच्या भट्टीनंच नेलं त्याले.” मी तिथंच उभी राहून सांगितलं की हे खोटं आहे. कुणी ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात कळलं, काकू भट्टी भंगारवाल्याला देणार आहेत. मी थेट अनसिंग गाठलं.

“काकू, भट्टी देऊ नका.”

“काहून? तू पेटवशीन?”

“शिकेन.”

“पत्रक फाडाइतकं सोपं नाही ते.”

“लोक म्हणतात म्हणून देताय ना? त्या भट्टीनं काही केलेलं नाही.”

“मले का समजत नाही व?” काकू एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या. मग खाली बसल्या. “आदल्या दिवशी त्यायनं सुरी तेलातून काढली अन् कढई मागतली. मी शेंगदाणे भाजत होती. म्हटलं, उद्या शेका, कायची घाई आहे... भट्टी दिसली का मले तेच दिसते.”

कढईचा आणि हृदयाचा काही संबंध नसतो. अशी वाक्यं लिहिण्यातच माझं आजवरचं आयुष्य गेलं. पण ते काकूंना माहीत नव्हतं थोडंच! मी विचारलं, “ती सुरी कुठंय?”

काकू उठल्या. गाद्यांच्या चवडीत हात घालून त्यांनी एक फडकं काढलं. “पडली तर फुटते ना, म्हणून मऊत ठेवली.” आत तेलानं काळं पडलेलं, अरुंद, सरळ पातं होतं. मूठ मापापुरती बसवून दोरीनं आवळलेली. “तुह्यासाठीच होती ते. कागद कापाले. पोरीच्या कडा वाकड्या येतात म्हणे...”

काकूंनीच कढई उतरवली, रेती ओतली, गॅस पेटवला. “पह्यले घास तिले. नाहीतर रंग कसा दिसन?” दोरी सोडून मी मूठ काढली आणि पॉलिश पेपरनं पातं घासलं. दोघी कढईवर वाकून बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग धारेकडून हळूच पिवळेपणा सरकत आला. मी म्हटलं, अजून जरा... “बस!” म्हणून काकूंनी सांडशीनं पातं उचललंसुद्धा. ते निवल्यावर त्यांनी मूठ पुन्हा आवळली आणि सुरी माझ्यापुढं धरली. मी सवयीनं जमिनीकडं पाहिलं. काकूंचा हात तसाच.

“घे हातातून. होऊ दे भांडण. या घरात भांडाले आता कोण राह्यलं? येत जाय.”

भट्टी शेडमध्येच आहे. रविवारी मी जाते, आणि “आधी आग, मंग गॅस, किती वेळा सांगू!” म्हणून काकू दारातून ओरडतात. आज सकाळी नव्या पत्रकांचा गठ्ठा कापला. सगळ्या कडा सरळ आल्या. सुरीच्या पाठीवर काकांनी कानशीचे दाते मुद्दाम ठेवलेत. लिहिताना अडले की मी त्यावरून अंगठा फिरवते... खरखर लागते, आणि मी पुढचं वाक्य लिहिते.